बंकरातली रेघ

पेन्शनीवर आलेले आम्ही फौजी मुखेडच्या स्टँडवर चहाला बसलो की किस्से काढावे लागत नाहीत. एकाला खोकला आला तरी दुसऱ्याला पोस्ट आठवते. पण बिरादार अन् केंद्रेचा विषय निघाला की हॉटेलवालाच गिऱ्हाईक सोडून बाकड्यावर येऊन बसतो.

बिरादार देवणीचा, केंद्रे कंधारचा, मी मुखेडचा. तिघं एकाच भरतीत निवडलो, एकाच पलटणीत गेलो. सरहद्दीवर गोळाबारी सुरू होती तेव्हा पहाडावरच्या एका बंकरात आम्ही तिघंच. त्याच दिवसांत गावाकडून फोन आला, वेगळ्या मराठवाडा राज्यासाठी मोर्चे निघालेत. बिरादार लई खूश. आपलं पाणी, आपल्या नोकऱ्या, आपला कारभार आपण करू, असं त्याचं म्हणणं. केंद्रे भडकला. बापजादे निजामाकडून सुटून महाराष्ट्रात आले, आता तो सोडायचा कशापायी, म्हणे. झालं, दोघांचं बोलणं बंद. काही सांगायचं तर माझ्यामार्फत, अन् तिघं बसलेलो एकाच सतरंजीवर!

* * *

चौथ्या दिवशी बिरादारनं कोळशानं बंकरात रेघ मारली. इकडं मराठवाडा, तिकडं महाराष्ट्र. शेगडी त्याच्या राज्यात गेली. बाहेर बर्फ, केंद्रे कुडकुडतोय, पण मागणार नाही. बिरादार गालात हसून राहिला होता.

सकाळी त्याला परसाकडं जायची वेळ आली, तेव्हा कळलं की दार महाराष्ट्रात आहे. केंद्रे दारात आडवा झोपलेला. शेवटी मीच तह केला, दाराच्या बदल्यात शेगडी. बिरादार अटी पूर्ण ऐकायलासुद्धा थांबला नाही.

* * *

बिरादारच्या घरून शेंगाच्या चटणीचं पार्सल आलं. मला दिली, खाली सुभेदार साहेबांना पाठवली. केंद्रेला नाही. जेवताना बघतो तर केंद्रेच्या ताटात पोळीखाली चटणी! मी बिरादारकडं बघितलं.

"परराज्याला मदत हाय ती," तो पुटपुटला.

* * *

सुभेदार साहेब साताऱ्याचे. त्यांच्या कानावर हे गेलं तसे ते वर चढून आले. रेघ बघितली अन् म्हणाले, समोरून गोळे येत असताना एकमेकांकडं पाठ करून बसणारी माणसं मला नकोत. एकाला दुसऱ्या पोस्टवर पाठवतो, कोण जातो सांगा.

साहेब वळले तसा केंद्रे बोलला, "ह्याला नका पाठवू साहेब. तिकडं ह्याच्याशी भांडायला कुणी न्हाई."

साहेबांनी बुटानं रेघ पुसली अन् उतरले. संध्याकाळी बिरादारनं ती परत मारली, पण ह्या खेपेला शेगडी बरोबर रेघेवर ठेवली.

* * *

एका सकाळी केंद्रे पाणी आणायला बाहेर पडला अन् गोळा जवळच पडला. मांडीतलं रक्त थांबेना. धुक्यात हेलिकॉप्टर येणार नव्हतं. स्ट्रेचर घेऊन उतरायचं, तीन तासांची वाट. शेजारच्या पोस्टवरून धावत आलेल्या नर्सिंगवाल्यानं पट्टी आवळली अन् बजावलं, ह्याला झोपू देऊ नका, झोपला तर गेला.

पुढं मी, डोक्याकडं बिरादार. केंद्रेचे डोळे मिटायला लागले की बिरादार ओरडायचा, "वेगळा मराठवाडा झालाच पाहिजे!" केंद्रे डोळे उघडून म्हणायचा, "न्हाई." सगळा उतार हेच चाललं. मधूनच तो शिवी द्यायचा, तेव्हा आम्हाला बरं वाटायचं.

खालचे तंबू दिसले अन् केंद्रेचं उत्तर येईना. बिरादार दोनदा ओरडला. आम्ही स्ट्रेचर खाली ठेवलं. एवढा धिप्पाड गडी, गुडघ्यावर बसून रडायला लागला.

"सोडला रे मराठवाडा. अखंड महाराष्ट्र, बास? ऊठ की आता."

केंद्रेचे डोळे मिटलेलेच होते. फक्त ओठ हलले.

"लिहून दे."

आज कंधारला केंद्रेच्या बैठकीत मेडलशेजारी एक फ्रेम आहे. पट्टीच्या कागदी वेष्टनावर पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ, खाली बिरादारची सही, साक्षीदार म्हणून माझी. बिरादार दर दिवाळीला येतो. आल्याबरोबर ती फ्रेम भिंतीकडं तोंड करून फिरवतो अन् मग केंद्रेच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसतो.