लावा उडाला तरी थांबायचं

कुत्रा आला तेव्हा सात महिन्यांचा होता. पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके, लोंबते कान, आणि पाय इतके लांब की चालताना त्याचे त्यालाच अडकायचे. विमानतळाच्या कार्गोतून मीच त्याला घेऊन आलो. पेटीवर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते कुणालाच धड म्हणता येईना, म्हणून बाबा त्याला 'वलद' म्हणू लागले. वलद म्हणजे पोरगा.

बाबा म्हणजे माझे मालक. आखातातल्या अल वक्रा शहरातल्या त्यांच्या घरी मी अकरा वर्षं ड्रायव्हर आहे. घरात काम करणारे आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो. तरुणपणी ससाणे घेऊन आठ-आठ दिवस वाळवंटात राहणारा माणूस. गुडघे गेले तसे त्यांनी ससाणे थोरल्या मुलाला देऊन टाकले. मग परदेशात एका मित्राकडे त्यांनी पक्ष्यांच्या शिकारीचा कुत्रा पाहिला. झुडपात पक्षी दडलेला असला की असा कुत्रा वासावरून ओळखतो आणि जागच्या जागी उभा राहतो. एक पाय उचललेला, शेपूट ताठ. हे त्याच्या रक्तातच असतं. पण पक्षी तोंडासमोरून भुर्रकन उडाल्यावरही जागा सोडायची नाही, हे मात्र शिकवावं लागतं.

"मारायचं काही नाही," बाबा मला म्हणाले. आम्ही हिंदीत बोलायचो, मधे मधे अरबी. "बंदूक नको. पक्षी उडाला आणि हा थांबला, एवढंच मला बघायचंय."

माझी कुत्र्यांची ओळख म्हणजे माण तालुक्यातल्या आमच्या गावाकडं मेंढरांमागं असायची तेवढीच. बायकोला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. "आवो, गाडी चालवाय गेलाय न्हवं? आता कुत्र्याची शाळा घेताय व्हय?"

दुखानच्या रस्त्यानं जाऊन आत वळलं की बाबांचा मजरा लागतो. मजरा म्हणजे शेतच, पण चारी बाजूंनी भिंत. आत खजुराची झाडं, बकऱ्यांसाठी लसूणघासाचे दोन पट्टे आणि एक खोली. थंडी सुरू झाल्यावर आम्ही रोज सकाळी तिथं जायचो. बाजारातून लावे पक्षी आणायचे, एक लावा जाळीच्या लहान पेटीत घालून घासात लपवायचा. पेटीच्या झाकणाची दोरी बाबांच्या हातात, कुत्र्याच्या पट्ट्याची लांब दोरी माझ्या हातात. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे. कुत्र्याला वास लागून तो उभा राहिला की बाबा म्हणायचे, "ओगफ!" म्हणजे थांब. मग ते दोरी ओढायचे, झाकण उघडायचं, लावा उडायचा, आणि कुत्रा त्याच्यामागं सुसाट सुटायचा. दोरी संपली की मी पालथा.

बाबा त्याला स्वतः हात लावत नसत. कुत्र्याची लाळ लागली की नमाजाआधी सगळं पुन्हा धुवावं लागतं. त्यामुळं खाणं, अंघोळ, दोरी माझ्याकडं, आणि बोलणं त्यांच्याकडं. दर वेळी मी त्याला उचलून पहिल्या जागी आणून उभा करायचो आणि बाबा पुन्हा तेच म्हणायचे. आवाज कधी चढवला नाही. चिडलो तर मीच. दोरीनं हाताची सालटी निघाली होती.

"अरे, तो लहान आहे," बाबा म्हणायचे. "तू काय जन्मल्या दिवशी गाडी चालवायला लागलास?"

सातव्या-आठव्या आठवड्यात एका सकाळी लावा उडाला आणि दोरी माझ्या हातात सैलच राहिली. कुत्रा थरथरत होता, पण जागचा हलला नाही. बाबा लावा भिंतीपलीकडं जाईपर्यंत बघत बसले, आणि मग हलकेच म्हणाले, "यल्ला." म्हणजे चल. त्याबरोबर कुत्रा उधळला, गोल गोल पळाला. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी नेहमीसारखी गाडी दारात लावून उभा होतो. बाबा आलेच नाहीत. आतून आरडाओरडा ऐकू आला, मग ॲम्ब्युलन्स आली. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

बाबा दोन महिने हॉस्पिटलात होते. घरी आले तेव्हा सोबत चाकाची खुर्ची आणि एक मल्याळी नर्स. त्यांना सगळं कळत होतं, डोळ्यांत दिसायचं. पण तोंडातून फक्त "आ... आ" एवढंच यायचं. कधी कधी चिडून ते डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर थापा मारायचे.

कुत्र्याचं काय करायचं, असं मी थोरल्या मुलाला विचारलं. तो वाईट माणूस नाही. पण वडिलांचं दुखणं आणि ऑफिस यांतच तो बुडालेला होता.

"आता कोण बघणार ते?" तो म्हणाला. "देऊन टाक कुणाला तरी. खलास."

"थोडे दिवस थांबा," मी म्हणालो. "बाबांना एकदा दाखवू. त्यांना बरं वाटेल."

तो बरं म्हणाला. मग मी एकटाच जाऊ लागलो. शुक्रवारी, आणि बाबांच्या नातवंडांना शाळेत सोडल्यावर तासभर वेळ मिळाला तर. पट्ट्याची दोरी हातात, झाकणाची पायाला. पण माझ्या "ओगफ"ला तो थांबेना. तोच शब्द, मी तसाच म्हणायचो, तरी नाही. लावा उडाला की तो पळायचा.

माझ्या फोनवर बाबांचे जुने व्हॉइस मेसेज होते. एकात ते मला सांगत होते की ओगफ कसं म्हणायचं, घाई न करता. एके दिवशी मी तो मेसेज मोठ्यानं लावला. आवाज ऐकल्याबरोबर कुत्र्यानं लावा सोडला, पेटी सोडली, आणि बाबांना शोधायला लागला. खोलीत गेला, झाडांमागं गेला, गाडीखाली वाकून बघितलं. मग गाडीच्या मागच्या दारापाशी जाऊन बसला. बाबा त्याच दारातून उतरायचे. मी कितीही हाका मारल्या तरी उठेना. मी फोन खिशात टाकला आणि तिथंच बांधावर बसून राहिलो. पुन्हा तो मेसेज कधी लावला नाही.

मग ठरवलं, शब्दच नको. हात वर करायचा, तळवा त्याच्याकडं. पहिल्यापासून सुरुवात केली. उन्हाळ्यात उजाडायच्या आत जायचो, कारण सातनंतर जमिनीवर पाय ठेववत नसे. पुन्हा थंडी आली तोवर तो माझ्या हाताला थांबू लागला होता. दहा वेळा उडवा, दहा वेळा थांबणार. मी बाबांच्या मुलाला सांगितलं. एका शुक्रवारी दुपारनंतर आम्ही बाबांना मजऱ्यावर नेलं. मुलगा होता, नर्स होती.

बाबांना लसूणघासाच्या कडेला बसवलं. कुत्रा त्यांना बघून वेडा झाला, पण मी दोरी आवरली. मग त्याला वास लागला, तो उभा राहिला. मी हात वर केला आणि झाकण उघडलं. लावा त्याच्या नाकासमोरून उडाला. कुत्रा हलला नाही. इतका नीट तो कधीच उभा राहिला नव्हता.

मी वळून बाबांकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि त्यांचे ओठ हलायला लागले. त्यांना "यल्ला" म्हणायचं होतं. "आ..." एवढंच आलं. पुन्हा "आ... आ..." कुत्र्यानं मान वळवली. आता तो माझ्याकडं बघतच नव्हता, बाबांकडं बघत होता. पाय तसाच वर, अंग थरथरतंय. बाबा डाव्या हातानं दांडा बडवायला लागले.

काय करावं मला कळेना. मी बोललो असतो तर त्यांचा शब्द त्यांच्यासमोर काढून घेतल्यासारखं झालं असतं. गप्प राहिलो तर ते दोघं तिथं तसेच अडकून पडणार.

"अरे, सोड ना त्याला!" मुलगा ओरडला. "बघतोस काय? बाबांना त्रास होतोय!"

"यल्ला," मी म्हणालो. कुत्रा हलला नाही. हातानं खूण केली, तरी नाही. पट्टा धरून ओढला तर तो दगडासारखा जड झाला, नजर खुर्चीवर. शेवटी पंचवीस किलोचा तो जीव मी दोन्ही हातांनी उचलला आणि गाडीत नेऊन ठेवला. नर्सनं बाबांचं तोंड पुसलं. 

पुढच्या आठवड्यात मुलानं कुत्रा उत्तरेकडच्या ओळखीच्या एका माणसाला दिला. सोडायला मीच गेलो.  नव्या मालकाला मी सगळं समजावून सांगत होतो, हात कसा वर करायचा, घाई कशी करायची नाही. तो हसून म्हणाला, "मला राखणीला पाहिजे. भुंकतो ना?"

"भुंकतो," मी म्हणालो.

बाबांना मी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेतो. त्या महिन्यातच एकदा गाडीत बसवताना त्यांनी डाव्या हातानं माझी बाही ओढली, मग तोच हात खाली नेऊन तळवा जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरून माझ्याकडं बघत राहिले. काय विचारतायत ते मला लगेच कळलं. कुत्रा देऊन टाकल्याचं मुलानं त्यांना सांगितलं नव्हतं, आणि मलाही सांगू नकोस म्हणून बजावलं होतं.

"चांगला आहे, बाबा," मी म्हणालो. "खातोय, पितोय."

त्यांनी पुन्हा माझी बाही पकडली आणि सोडेनात. सिग्नलपाशी मागून हॉर्न वाजावा तशी माझ्या मागं नर्स म्हणाली, "भैया, उशीर होतोय." मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली, बेल्ट लावला आणि दार बंद केलं.