अडुळशाचं कुंपण

आमच्या मागच्या अंगणाच्या कुंपणाला देवाला वाहता येईल असं एक फूल नाही, म्हणून सेलूतल्या बऱ्याच बायकांनी मला नावं ठेवली. ठेवू द्या. त्यांच्यापैकी एकीनेही कधी माझ्या सासूला आंघोळ घातली नव्हती.

सासूला लकवा मारला तेव्हा तिचं वय सत्तरीच्या पुढचं होतं. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं आधी थोडं जड झालं, मग पहिल्यासारखं धारदार झालं. आमची न्हाणी इतकी अरुंद की एक बाई जेमतेम बसायची, आणि उंबरा टीचभर उंच. तिचा पाय तो उंबरा ओलांडत नसे. मग मी मागच्या अंगणात फरशी टाकली, तिच्यावर लाकडी स्टूल ठेवलं आणि तिथं तिला आंघोळ घालू लागले. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन त्या फरशीवर यायचं. तिला ते ऊन पाहिजे असायचं. पाठ उन्हात धरली की गेलेल्या हाताला बरं वाटतं म्हणायची.

अंगणाची मागची भिंत कमरेएवढी. भिंतीपलीकडे बोळ आणि बोळापलीकडे एका किराणा दुकानदाराचा रिकामा प्लॉट. पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमारास त्याने त्या प्लॉटवर भाड्याच्या पाच खोल्या काढल्या. नाल्याचं पाणी शिरू नये म्हणून जोतं छातीएवढं उंच घेतलं आणि ओसरी ठेवली नेमकी आमच्या बाजूला. भाडेकरू सगळे नोकरीवाले, सुशिक्षित. सकाळी आठपासून त्या ओसरीवर खुर्च्या लागायच्या, चहा यायचा, एक जण पेपर मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. आमची फरशी त्यांच्या डोळ्यांच्या सरळ खाली.

मी दुकानात गेले. म्हटलं, ओसरीला जाळी लावा, नाही तर बांबूच्या तट्ट्या बांधा.

तो तेल मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "वहिनी, बुढीले कोण पाहून राह्यलं?"

मी म्हटलं, "मंग तुमच्या मायले आणून बसवा माह्या फरशीवर. मले पाहू द्या, कोण पाह्यते अन् कोण नाई."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. तो हसला नाही आणि त्याने जाळीही लावली नाही. घरी आल्यावर नवरा माझ्यावरच तापला. "भांडाची काय गरज होती? आपल्याले रोज त्याच्या दारावरून जा लागते." ह्यांचं जन्मभर हेच. ज्याच्या दारावरून जावं लागतं त्याला काही बोलायचं नाही, आणि दार तर सगळ्यांनाच असतं.

सासूने आंघोळ सोडली. मला म्हणाली, "मी नाई बसत तिथं. तू ओल्या फडक्यानं पूस."

मी पुसत होते. पण मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हाळ्यात पुसून किती निभणार? काखेत, मांड्यांत, स्तनांखाली कातडी लाल झाली, मग सोलली. वास येऊ लागला आणि तिला तो स्वतःला येत होता, हे वाईट. शेजारीण भेटायला आली की ती झोपेचं सोंग घ्यायची. जी बाई आयुष्यभर पहाटे थंड पाण्याने आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावत नसे, तिची ही गत. म्हणून मला झाडं लावायची होती. बागेची हौस मला कधीच नव्हती.

आधी तट्ट्या बांधून पाहिल्या. पहिल्याच वादळात त्या उडून बोळात पडल्या. विटांची भिंत वाढवायची तर जुनी भिंत मातीची, वरचं वजन पेलणार नाही असं गवंड्याने सांगितलं. तेव्हा झुडपंच. ती डोक्याच्या वर जायला पाहिजेत, बुडापासून दाट पाहिजेत, आणि रोज पाणी मागणारी नकोत, कारण आमच्याकडे नळ एक दिवसाआड आणि तोही रडतखडत. एवढं मला कळत होतं. आणि एवढं कळत असून मी चूक केली.

सासू म्हणाली, "जास्वंद लाव. तगर लाव. पिवळी कण्हेर लाव. देवाले फुलं होतीन अन् आडही होईन."

नवऱ्याला ते लगेच पटलं. मलाही पटलं. आमच्याकडे घराला झाड लावायचं म्हटलं की देव आधी आठवतो, सावली आणि आडोसा मागाहून. पावसाळ्यात फांद्या आणून भिंतीला लागून बोळाच्या बाजूने लावल्या. पहिला उन्हाळा मी भांडी घासलेलं पाणी घालून काढला. दुसऱ्या पावसाळ्यात झाडांनी अंग धरलं, कण्हेर तर माझ्या डोक्याच्या वर गेली. ओसरी दिसेनाशी झाली. मी सासूला हाताला धरून फरशीवर नेलं. तिने चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, "दोन बादल्या आण."

ते सुख दोन महिने टिकलं. मग फुलं आली आणि फुलांमागून माणसं आली.

आमच्याकडे देवासाठी फूल तोडणं ही चोरी धरत नाहीत. सकाळी फिरायला निघालेली चांगली घरंदाज माणसं हातात पिशवी घेतात, काठीला तारेचा आकडा लावतात आणि ज्याच्या कुंपणावर फूल दिसेल त्याची फांदी ओढतात. विचारत कोणी नाही. मालकाने बघितलं तर वरून हसतात. बोळाच्या बाजूने आमचं कुंपण रोज ओरबाडलं जाऊ लागलं. एक फूल हवं असलं तर हातभर फांदी मोडायची. महालक्ष्म्या आल्या तेव्हा तर पत्रीसाठी पानंही नेली. खालून बकऱ्या जास्वंद खात होत्या आणि वरून भक्त खात होते.

सगळ्यांत पुढे होत्या शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई. मी त्यांना एकदा भिंतीशी धरलं.

"बाई, फांद्या मोडू नका. आडोसा हाय तो."

"अहो, देवाला तर वाहायची आहेत. तुमचंच पुण्य."

"माह्यं पुण्य राहू द्या. तुमच्या अंगणात लावा ना झाड."

"आमच्याकडे फरशी बसवली ना सगळीकडे. झाडाचा कचरा फार होतो हो."

मी आणखी बोलले असते, पण खाटेवरून सासू ओरडली, "फुलाले नाई म्हणू नको वो. देवाचं हाय." तिने स्वतः उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं आणली होती. तिच्या पदरात असलेली फुलं कोणाची हे मी कधी विचारलं नव्हतं. म्हणून मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा राग मला अजून आहे.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सासू फरशीवर होती. पाठीला साबण लावून मी पाण्याचा तांब्या भरत होते. तेवढ्यात कण्हेरीच्या शेंड्यात तारेचा आकडा अडकला आणि सगळी फांदी खाली वाकली. मध्ये भगदाड पडलं. त्यात त्या बाईंचं तोंड, आणि तोंडामागे ओसरीवरच्या खुर्च्या, चार पुरुष, त्यांतल्या एकाचा चहाचा कप तोंडाजवळ थांबलेला.

बाई म्हणाल्या, "आंघोळ चालली का आजी? चालू द्या, चालू द्या. दोनच फुलं घेते मी."

सासूचा एकच हात चालत होता. तो तिने छातीवर घेतला, मग खाली नेला, मग पुन्हा छातीवर आणला. काय झाकायचं हे तिला ठरवता येईना. मी हातातला तांब्या भिरकावला. तो भिंतीवर आपटला, बाईंना लागला नाही, आणि मला आजही वाटतं की लागायला पाहिजे होता. फांदी सुटली, परत वर गेली. बोळातून त्यांचा आवाज आला, "काय बाई संस्कार एकेकाचे."

साबण सासूच्या अंगावर तसाच वाळला, मी आत नेऊन पुसला. चौथ्या दिवशी तिने मला बोलावलं.

"तोडून टाक सारे."

"काय?"

"फुलाचे झाडं. बुडापासून तोड. देवाले सांग, बुढीकडे फुलं नाईत."

नवरा म्हणाला, भरल्या फुलांची झाडं तोडत नसतात, पाप लागतं. मी म्हटलं, लागलं तर मला लागेल, तुम्ही पेपर वाचा. कोयत्याने दुपारभर तोडलं. हाताला कण्हेरीचा चीक लागून फोड आले.

तोडून ठेवलेला जास्वंद बघून बकऱ्या राखणारी एक बाई बोळात थांबली. बकऱ्या तुटून पडल्या होत्या. मी तिलाच विचारलं, "तुह्यी बकरी काय खात नाई ते सांग."

ती म्हणाली, "गरिबाची बकरी हाय माय, सारं खाते. पण अडुळशाले तोंड नाई लावत. कडू असते."

"देवाले चालते काय तो?"

"कोणता देव मागते अडुळसा? खोकला झाला तर माणूस मागते, दोन पानं नेते अन् जाते."

मला पाहिजे तेच होतं. बकरी खाणार नाही, देव मागणार नाही. पाऊस लागल्यावर तिनेच नदीकाठून वीतभर कांड्यांचा भारा आणून दिला. वीत-वीत अंतरावर दोन ओळी खोचल्या. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी दिलं, त्यानंतर कधीच नाही. खत नाही, फवारणी नाही. वर्षातून एकदा शेंडे खुडले की बाजूने फुटतो आणि बुडापासून दाट होतो. कोणाला आडोशासाठी झाड लावायचं असेल तर मी एवढंच सांगते, आणि लोकांना ते पटत नाही. त्यांना फूल पाहिजे असतं.

तो वाढेपर्यंत दीड वर्ष गेलं. तेवढे दिवस मी दोन बाजा उभ्या करून त्यांवर गोधडी टाकायची आणि त्यामागे तिला आंघोळ घालायची. ऊन तिथं पोचत नसे. ती कुरकुरायची, पण बसायची. बाई एकदा गणपतीत भिंतीशी येऊन म्हणाल्या, "सगळी फुलं तोडून हे काय रान लावलं? घराला शोभा नाही." मी म्हटलं, "खोकला असला तर पानं न्या." त्यांना खोकला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात अडुळसा माझ्या डोक्याच्या वर हातभर गेला. मी बाजा उचलल्या, गोधडी धुऊन घातली आणि फरशी मोकळी केली. सासू स्टुलावर बसली. बुडापासून शेंड्यापर्यंत तिने पानं पाहून घेतली. मग म्हणाली, "घाल पाणी."

तो एक हिवाळा तिला मिळाला. आंघोळ झाल्यावर ती लुगडं लगेच नेसत नसे. कमरेला पंचा गुंडाळून, उघडी पाठ उन्हाला देऊन बसून राहायची. पलीकडे ओसरीवर पेपर वाचणं चालू असायचं, कापसाचे भाव, कोणाची बदली, सगळं आम्हाला ऐकू यायचं. मी लुगडं घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "चला आत्याबाई, गारठा लागन."

"थांब वो," ती म्हणायची. "वाचू दे त्याले. ऐकून राह्यली मी."