सात, त्र्याहत्तर, सातशे एकोणचाळीस

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निपाणीच्या घरात जिन्याखालच्या फळ्यावर मला ७३९३९१३३ ही संख्या शिकवली. ते शाळेत गणित शिकवत. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. पण आप्पांना तिचं वेगळंच कौतुक. शेवटचा अंक पुसला की उरते तीही मूळ. पुन्हा पुसा, पुन्हा मूळ, अगदी सात उरेपर्यंत. उजवीकडे आणखी कुठलाही अंक लिहिला तर मात्र ती मूळ राहत नाही.

ते जाऊन काही महिने झाले. त्याआधी अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची वाचा आणि उजवा हात गेला होता; बेळगावच्या दवाखान्यात होते ते. त्या संध्याकाळी डॉक्टर चमच्यानं पाणी पाजून बघत होते. आप्पांनी ओठ घट्ट मिटले. पुन्हा चमचा, पुन्हा तेच.

"सांगितलेलं समजत नाही त्यांना," डॉक्टर मला म्हणाले. "पाणी फुफ्फुसात जाईल. नाकातून नळी घालू, आत्ताच."

आई म्हणाली, "दिवस मावळलाय. लग्नाआधीपासनं ते रातचं पाणीबी घेत न्हाईत. जैनांचा नेम हाय त्यो."

"आक्का, नेम पाळायला भान लागतं. ते आहे का, तेच बघतोय मी."

नर्स नळी घेऊन आली. आता रात्रीचं अन्न नळीतून जाणार आणि आप्पांना नको म्हणता येणार नाही. मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. ते शाळेत लिहीत तशा इंग्रजी अंकांत सात लिहिले, खाली त्र्याहत्तर, त्याखाली शेजारी-शेजारी ७३७ आणि ७३९.

"आप्पा, यातली चुकीची कुठली?"

बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग डावं बोट ७३७ वर आलं.

"दोनच तर आहेत," डॉक्टर म्हणाले. "बोट कुठंतरी पडणारच."

तेही खरं होतं. मी पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. "का चूक, आप्पा?"

पेन निसटलं. मी परत दिलं. नर्स हातमोजे चढवत होती. आप्पांनी ७३७ खाली दोन उभ्या रेघा ओढल्या.

"रेघोट्या आहेत."

"अकरा आहे ते, डॉक्टर. त्या संख्येला अकरानं भाग जातो."

त्यांनी फोनवर भागाकार केला. सदुसष्ट, बाकी शून्य. फोन खिशात टाकून ते नर्सशी कन्नडमध्ये काही बोलले. तिनं हातमोजे काढले.

"सकाळपर्यंत सलाइनवर ठेवू. तेव्हाही गिळलं नाही, तर नळी."

त्या रात्री आई आणि मी आळीपाळीनं पलंगाशी बसलो. उजाडलं तसं आईनं पलंग उशाकडून थोडा वर घ्यायला लावला. डॉक्टरांनी आप्पांच्या गळ्यावर दोन बोटं टेकवली आणि चमचा पुढं केला. आप्पांनी आधी खिडकीकडं पाहिलं, मग तोंड उघडलं. गळा हलला. खोकला आला नाही.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले.

पुढं ते फार दिवस राहिले नाहीत. राहिले तोवर तोंडानंच पाणी प्याले, आणि दिवसाउजेडीच.