पाव चमचा विरजण

मला समजावून सांगता येतं, याचा मला फार गर्व होता. मानवतला वडील घरी शिकवणीची मुलं बसवायचे, आणि ज्यांच्या डोक्यात गणित शिरत नसे त्यांना मी चिंचोके मांडून ते सोडवून दाखवायची. तेव्हापासूनचा हा गर्व. पुढं नर्स झाले, परभणीच्या एका मोठ्या दवाखान्यात लागले. नवजात बाळांचं एक संशोधन तिथं सुरू झालं तेव्हा डॉक्टरसाहेबांनी मला त्यात घेतलं तेही माझ्या जिभेपायीच. रागीट आहे, हे त्यांना माहीत होतं. पण ते चालवून घेत.

काम असं होतं. काही बाळांचं आतडं जन्मतःच कुठंतरी बंद असतं. दूध पुढं सरकत नाही, हिरवी उलटी होते, पोट फुगतं. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच ऑपरेशन करावं लागतं. त्यानंतर ही बाळं बरेच दिवस सलाईनवर असतात, आईचं दूध उशिरा मिळतं, औषधं जबर असतात. म्हणून पोटात जे चांगले जंतू वाढायला हवेत ते नीट वाढत नाहीत. ते बाहेरून दिले तर बाळ लवकर दूध पचवेल का, हे आम्ही बघत होतो. निम्म्या बाळांना प्रोबायोटिकची, म्हणजे या चांगल्या जंतूंची पुडी मिळायची, आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी नुसती पूड. कुणाला कोणती, हे ना आम्हाला ठाऊक, ना आयांना. घरी सोडल्यावरही काही आठवडे रोज एक पुडी आईच्या दुधात कालवून द्यायची आणि डायरीत लिहायचं.

अडचण संमतीपत्राची होती. त्यात ‘सजीव सूक्ष्मजीव’ असा शब्द होता. तो वाचून दाखवला की आयांचे चेहरे उतरायचे. नुकतं पोट शिवलेल्या लेकराला जंतू पाजायचे? एकदा मी वैतागून एकीला म्हणाले, “अगं, घरी दही लावतेस की नाही? दुधात विरजण घालतेस, तसंच हे. पोटाचं विरजण.” तिचा चेहरा लगेच मोकळा झाला, तिनं सही केली. डॉक्टरसाहेब हसले, म्हणाले, “झकास! असंच सांगत जा.” मग काय, मी प्रत्येक आईला तेच सांगत सुटले.

पेडगावची एक जण होती. विशीतली, दहावी झालेली, पहिलंच बाळ, मुलगी. घरात सासू नाही, नवरा दिवसभर शेतात. तिची डायरी मी बाकीच्यांना दाखवायची, इतकी नीटनेटकी. तारीख, वेळ, बाळानं दूध किती घेतलं, शी कशी झाली, सगळं. पाहुणे आले म्हणून एकदा तिचा एक दिवस राहिला. मी तिला अंगणातच झापलं होतं. “एक दिवस चुकला की सगळं वाया, कळतंय का?” हे खरं नव्हतं. एका दिवसानं काही वाया जात नाही. पण रागात असलं की मी असंच काहीतरी बोलून जाते.

तिला पुढच्या पुड्या मंगळवारी द्यायच्या होत्या. मंगळवारी चारठाण्याच्या एका बाळाचं वजन घटलं म्हणून मी तिकडं गेले. बुधवारी दवाखान्यात वरून तपासणीला माणसं आली. गुरुवारी त्यांचे कागद. तिचे दोन मिसकॉल दिसले होते. उद्या जायचंच आहे, म्हणून मी उलटा फोन केला नाही.

शुक्रवारी सकाळी पोचले. तिनं नेहमीसारखी डायरी पुढं केली. मी पान उलटलं.

‘मंगळवार. पुडी संपली. विरजण पाव चमचा.’ खाली बुधवार, तेच. गुरुवार, तेच. पुढं बारीक अक्षरात: ‘चमचा उकळून घेतला.’

“हे काय?” मी विचारलं.

“तुमी आल्या न्हाईत, ताई. फोन बी लावला. खंड पडाय नको म्हून घरचंच दिलं. ताजं होतं. हात बी साबणानं धुतले, तुमी दाखवलं तसंच.”

घरच्या दह्यात कोणते जंतू आहेत, कुणी मोजलेत? शिवलेलं आतडं, सव्वा महिन्याचं पोर. त्या पोटातून एखादा वाईट जंतू रक्तात शिरला तर दोन दिवसांत खेळ संपतो, हे मी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

“पोट कालपासून जरा तटतटायलंय बगा,” ती म्हणाली. “दूध बी कमी प्यायलीय. मला वाटलं, गॅस असंल.”

मी झबलं वर केलं. पोट ताणलेलं होतं, अंग कोमट. मी फक्त एवढंच म्हणाले, “चल. दवाखान्यात जाऊ.” जीप मिळेपर्यंत मी तीनदा बाळाचे श्वास मोजले आणि तिन्हीदा आकडा विसरले. ती वाटेत एकदाच बोलली. “ताई, माझं काय चुकलं का?” मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बघू, डॉक्टर काय म्हणतात.”

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. डायरी बघून भडकला. “दही? आतडं शिवलेल्या बाळाला दही? कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मीही तिच्याकडं बघितलं. आणि मग मी सलाईनची नळी नीट करायला लागले, जी आधीच नीट होती.

“कुणी न्हाई,” ती म्हणाली. “माझंच डोकं.”

“काय अडाणीपणा आहे,” तो म्हणाला. दहावीत तिला किती मार्क होते, तिची डायरी कशी असते, सगळं मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. मला या गोष्टीची आजही लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

दूध बंद केलं. एक्स-रे काढला, रक्त तपासायला पाठवलं. रक्तात जंतू वाढतात की नाही हे कळायला निदान दोन दिवस लागतात, ते लवकर होत नाही. दर थोड्या वेळानं मी बाळाच्या पोटाला टेप लावायची. आकडा अर्ध्या सेंटिमीटरनं वाढला की लगेच पुन्हा मोजायची, कमी झाला की टेपच सैल लागला असेल असं वाटायचं. आई खाटेजवळच्या स्टुलावर बसून होती. मला पाहिलं की सरकून जागा द्यायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी गेले तर दह्याचं भांडं उघडवेना.

रविवारी दुपारी रिपोर्ट आला. रक्तात काही वाढलं नव्हतं. पोटही उतरलं होतं, शी झाली होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, फुगणं दह्यामुळं होतं की आणखी कशामुळं, सांगता येत नाही. या बाळाला कोणती पुडी मिळत होती, खरी की नुसती, तेही संशोधन संपेपर्यंत कुणाला कळणार नव्हतं. बाळाला पुन्हा थोडं थोडं दूध सुरू केलं. ते लेकरू इतक्या जोरात दूध ओढायला लागलं की मला रडू आलं.

मी त्याच्या आईजवळ स्टुलावर बसले. म्हणाले, “माझं नाव का नाही सांगितलंस? विरजण म्हणून मीच सांगितलं होतं तुला.”

तिनं पदरानं बाळाची हनुवटी पुसली. “सांगून काय? तुमाला काढून टाकलं असतं. मग आमच्यासारख्यांना समजंल असं कोण सांगितलं असतं?”

मला तिथं बसवेना. उठले, ऑफिसात गेले, अनपेक्षित घटनेचा फॉर्म काढला. हा फॉर्म मी शुक्रवारीच भरायला हवा होता. लिहिलं: विरजणाचं उदाहरण माझं. पुड्या द्यायला तीन दिवस उशीर माझा. फोन आला होता, मी परत केला नाही. एक दिवसही चुकवू नको असं रागावून मी सांगितलं होतं. आईनं मी जे सांगितलं तेच केलं.

डॉक्टरसाहेबांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “आणखी किती जणींना असं सांगितलंत?”

“सगळ्यांना.”

त्यांनी कागद माझ्याकडं परत सरकवला. मग म्हणाले, “मीच ‘असंच सांगत जा’ म्हणालो होतो, तेही लिहा.” लिहिलं. मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी एकेका आईला फोन केला. दही द्यायचं नाही, पुडी संपली तर फोन करायचा, मी उचलला नाही तर डॉक्टरसाहेबांना करायचा. एक जण म्हणाली, “बरं झालं फोन केलात. आमच्या पुड्या उद्या संपायल्यात, मी दही लावूनच ठेवलंय.” फोन ठेवून मी लगेच पुढचा नंबर लावला.

माझं पुढं काय करायचं हे संशोधनावर देखरेख ठेवणारी समिती ठरवणार होती. फॉर्म पाठवण्याआधी मी तो वॉर्डात पेडगावच्या आईकडं नेला. म्हणाले, तुझ्या बाळाबद्दल लिहिलंय, तू ऐकायला हवंस. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. या वेळी एकही उदाहरण दिलं नाही.

ती घाबरली. “ताई, इतकं खरं कामून लिहायलात? कुणी बघितलं होतं का?”

“तू नाही का डायरीत लिहिलंस?” मी म्हणाले. “तुला तरी कोण बघत होतं?”