सारिकाच्या प्लग-इनला दिलेली मेमरी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही सारिकाला ओळखत नाही — म्हणून असेल.

बारामतीत आमचं छोटं ऑफिस आहे. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो — कुणाच्या उसाला तोड कधी द्यायची ते ठरवणारं. प्रत्येक कारखान्याचे नियम निराळे, म्हणून नियमांचा छोटा प्रोग्राम वेगळा लिहून मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचा. हे प्लग-इन आम्ही वेबअसेंब्लीत बांधतो, म्हणजे ते आपल्या चौकटीबाहेर हात घालू शकत नाहीत. मेमरी किती मिळायची, तेही मुख्य सॉफ्टवेअर ठरवतं. आणि ते माझ्या ताब्यात.

सारिका कऱ्हाटीची, माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेली. आडसाली, खोडवा, लागणीची तारीख — उसातलं हे सगळं मला विचारून विचारून कळलं, तिला घरातूनच माहीत. ज्या प्लग-इनशी मी दोन महिने झगडलो, ते तिनं आठ दिवसांत लिहिलं. मी चूक शोधायलाच वाचलं. सापडली नाही. त्यात साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "जरा हिच्याकडून शिका." जळफळाट झाला माझा — दुसरं काय म्हणू?

इंदापूरकडच्या एका कारखान्यात ती ते दाखवणार होती. शेतकऱ्यांच्या उसाची पूर्ण हंगामाची यादी तिथंच मिळणार होती, आमच्याकडे फक्त नमुन्याची छोटी यादी. आदल्या दिवशी मी तिच्या प्लग-इनची मेमरी कमी करून ठेवली. नमुन्याला पुरेल, पूर्ण यादीला पुरणार नाही, एवढीच. थांबता आलं नसतं का? आलं असतं.

मीही तिच्याबरोबर गेलो होतो. संचालकांसमोर ते मध्येच बंद पडलं. पडद्यावर एवढंच — मेमरी संपली. एक वयस्कर संचालक, सगळे त्यांना तात्या म्हणतात, हसून म्हणाले, "पोरी, यापरीस आमची वही बरी हाय." परतताना गाडीत ती मलाच म्हणाली, "माझंच कायतरी चुकलं असंल, दादा." मी म्हणालो, "होतं असं." आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

काम माझ्याकडे आलं. मी मेमरी पूर्ववत केली, चार दिवस उगाच कीबोर्ड बडवला आणि दुरुस्त झालं म्हणून सांगितलं. आज तीन कारखान्यांत ते माझ्या नावानं चालतं. सारिकानं प्रोग्रामिंगच सोडलं, आता इंदापुरात टायपिंग शिकवते. जाताना तिनं विचारलं होतं, "दादा, नेमकं काय चुकलं व्हतं? कळलं तर पुन्हा करणार न्हाय." मी म्हणालो, बऱ्याच ठिकाणी मेमरीची उधळपट्टी होती, आवरली.

तिच्या प्लग-इनमधली एकही ओळ मी बदललेली नाही.