समोरचं ताट

शेजारच्या घरातून भाकरीचा खरपूस वास आला आणि हर्सूलच्या रस्त्यावरची ती पत्र्याची खानावळ आठवली. तेव्हा नोकरी नवी होती, शहर अनोळखी. स्वस्त जेवण शोधत दुपार टळल्यावर तिथं पोचलो, तर सगळी बाकं रिकामी. खानावळीच्या मावशींनी मला पिठलं-भाकरी वाढली आणि फडक्याखाली झाकलेलं स्वतःचं ताट घेऊन समोर बसल्या.

"एकट्यानं जेवलेलं अंगी लागत नाय, बाबा."

वाटलं, त्यांना माझी दया आली.

बायको गेल्यापासून मी पार्सल मागवतो. आजही ताटात वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. मावशी इतक्या उशिरापर्यंत उपाशी का बसल्या होत्या, ते आता कळतंय.