आकाशपाळण्याच्या टोकावर एकच देव

मध्य प्रदेशातल्या देवासला टेकडीच्या पायथ्याशी नवरात्राचा मेळा भरला होता. शाळा सुटल्यावर मी आणि माझी मैत्रीण तिथे गेलो. दोघी एकाच शाळेत शिकवतो. ती धारची मुसलमान, पण मराठी मोहल्ल्यात वाढलेली, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षाही ठसक्यात बोलते. दोघींची चाळिशी उलटलेली, तरी आकाशपाळण्यात बसायची हौस आली.

आमचा पाळणा अगदी वर पोचला आणि लाइट गेली.

खाली सगळा मेळा मुंग्यांएवढा. वाऱ्याने पाळणा करकरत झुलू लागला. मी दांडी घट्ट धरली आणि सुरू झाले, "गणपती बाप्पा, मारुतीराया, दत्तगुरू, टेकडीवरच्या दोन्ही माता..." शेजारी ती डोळे मिटून एकच नाव पुटपुटत होती.

"तुझं बरं आहे गं," मी म्हणाले, "एकाच खिडकीवर काम!"

ती इतकी हसली की पाळणा आणखी हलला. मी किंचाळले. मग मलाही हसू आवरेना.

"ए, हसवू नको, पडू आपण!" ती डोळे पुसत म्हणाली. "अम्मी सांगायची, एक म्हणजे नुसती गिनती नाही. त्याच्यासमोर झुकलं की बाकी कुणालाच घाबरायचं नाही."

"मग माझा हात का असा पिरगाळतेस?"

"अगं, घाबरायचं नाही हे मला ठाऊक आहे. माझ्या पोटाला नाही ना ठाऊक!"

आम्हा दोघींना पुन्हा हसू फुटलं. जरा वेळाने तिने विचारलं, "तुमच्यात एवढे सगळे. गोंधळ नाही होत?"

"बाबा म्हणायचे, सगळे मिळून एकच. पण एकट्याला एवढ्या नावांनी हाका मारल्या तर त्यालाही वाटेल, ही बाई आहे तरी कोण!"

बाबांचं ते बोलणं मी आयुष्यभर ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ कधी कुणाला सांगावा लागला नव्हता.

इतक्यात खालून पाळणेवाला ओरडला, "घबराना मत दीदी, हाथ से घुमा रहे हैं!" चारपाच जण चाकाला भिडले. आम्ही हळूहळू खाली आलो.

तोवर लाइट आली. पाळणेवाला ओशाळून म्हणाला, "दीदी, एक राउंड और बैठ जाओ, मेरी तरफ से."

मी नको म्हणणार, तोच ती परत पाळण्यात चढून बसलीसुद्धा.

"ये ना गं!" ती ओरडली.

मी पदर खोचला आणि चढले.